हाडवैर

मगदूमांच्या घरातल्या दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत, हे मिरजेतल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण न बोलता त्या दिवसभर भांडतात कशा, हे कळायला त्या घराच्या जिन्यात उभं राहावं लागे.

खाली थोरली जाऊ, कांचन. वर धाकटी, हेमांगी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघांनी मिळून घर बांधलं आणि मग एकामागोमाग एक, आपापली बायको दुसरीच्या हवाली करून देवाघरी गेले. दरवाजा एक, जिना एक, पाण्याची मोटार एक. त्यामुळे काहीतरी सांगावं लागेच. कांचन ते कुकरला सांगे. "असू दे बाबा, तू तरी शिट्टी वेळेवर देतोस. काही लोकांना मोटार बंद करायची आठवण टाकी वाहून गेल्यावर येते." वरून हेमांगी कठड्यावरच्या मांजराला उत्तर देई. "कान फार तिखट असतात गं काहींचे. कामं नसली की कान वाढतात."

अकरा वर्षं असं चाललं होतं. मांजरं बदलली, कुकर बदलला.

मग घरात हाडपाट आला.

त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण बायकांनी त्याला हाडपाट केलं, कारण तो बसायच्या पाटाएवढाच होता, काळ्या काचेचा. त्या काळात पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा विमा उतरवायचा तर हा पाट घरात लागेच. मगदूमांकडे तो जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी, जमिनीत बसवलेला होता. बाई अनवाणी त्याच्यावर उभी राहिली की एक बारीक थरथर टाचेतून वर जाई, पोटरीतून, मांडीतून, खुब्यापर्यंत, आणि परत येई. हाड दाट असेल तर थरथर झटकन परत येते, हाड विरळ झालं असेल तर रेंगाळते. तेवढ्या फरकावरून पाट हाडाचा अंदाज बांधी आणि दिवा लावी. हिरवा, पिवळा, नाहीतर तांबडा. वर एक गोड आवाज शेराही मारी.

तांबड्या बायकांना कंपनी कमरेला बांधायचा पट्टा देई. बाईचा तोल गेला की ती जमिनीवर पोचायच्या आत पट्टा फुगे आणि दोन्ही खुब्यांना उशी होई. हिरव्या बायकांना पट्टा मिळत नसे. त्यांना शाबासकी मिळे.

कांचन शिडशिडीत, सहासष्ट वर्षांची, कुठलाही जिना चढताना अजून कठड्याला हात न लावणारी. तिला पहिल्याच दिवशी तांबडा लागला. "सावकाश चाला," पाट म्हणाला. हेमांगी साठीची, अंगानं भरलेली. तिला लागला हिरवागार. "हाडं उत्तम आहेत. अभिनंदन." हेमांगीनं त्याच दुपारी पाटाचा आवाज वाढवून घेतला. त्यानंतर ती रोज सकाळी, खाली पोळ्या चालू असतील अशी वेळ साधून, पाटावर जाऊन उभी राही.

"हाडं उत्तम आहेत," पाट सगळ्या घराला सांगे.

"ऐकलंस का गं मने," हेमांगी मांजराला म्हणे, "खाल्लेलं अंगी लागतं काहींच्या. काहींचं सगळं जिभेलाच लागतं."

आतून कांचनचा आवाज येई, तव्याला उद्देशून. "दिवा हिरवा असला म्हणून गाडी धड चालते असं नाही रे. उजवं चाक बघावं आधी."

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड होई, कारण उजवं चाक खरंच धड नव्हतं. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली होती, उजव्यातली जास्त. सकाळी उठलं की गुडघा लाकडासारखा. जिना ती आडवी होऊन चढे, डावा पाय वर, मग उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवायचा. अलीकडे तर वळणावरच्या पायरीला गुडघा मधूनच पायाखालून निघून जाई. दुखायचं नाही, नुसता नसायचा. ती कठडा धरून उभी राही आणि तो परत यायची वाट बघे.

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. नाशिकच्या मुलाला, निनादला, तर मुळीच नाही. त्याच्याशी तिचा करार झाला होता. पाट हिरवा आहे तोवर आई वर एकटी राहील. ज्या दिवशी पिवळा होईल त्या दिवशी खाली, काकूच्या घरात, काकूच्या नजरेखाली. निनादला तो करार फार शहाणपणाचा वाटला होता. काकूच्या हातचा घास आईच्या घशाखाली उतरणार नाही, हे त्याच्या गणितात नव्हतं. उरलेलं आयुष्य त्या बाईच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून काढायचं, हे हेमांगीला मरणापेक्षा वाईट वाटे. आणि मधे उभा होता तो एक हिरवा दिवा.

वैर मुळात सुरू झालं होतं तेही एका हाडावरूनच.

सासूबाई, म्हणजे आत्याबाई, अंगापिंडानं हेमांगीसारख्याच. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या हाडांची तपासणी केली आणि फोटो उजेडाला धरून म्हणाले, आजी, लोखंड आहे लोखंड. आत्याबाईंनी ते गल्लीभर सांगितलं. पुढच्या वर्षी त्या जिन्यात पडल्या आणि खुबा मोडला. मग दोन वर्षं अंथरूण. कांचननं सगळं केलं, अगदी सगळं, आणि नाक मुरडलं नाही. पण पहिल्याच दिवशी, बघायला आलेल्या पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, ती जे बोलली ते हेमांगीच्या काळजात रुतून बसलं. लोखंडासारखी हाडं अशी आपोआप मोडत नाहीत, कुणीतरी जिना पुसून ओला ठेवला असणार. जिना त्या दिवशी हेमांगीनं पुसला होता.

तो वाळला होता. तिनं तेव्हाही शपथेवर सांगितलं होतं. पण आत्याबाईंच्या लुगड्याचा काठ ओला निघाला, आणि डॉक्टरांचं लोखंड सगळ्यांच्या लक्षात होतं. हेमांगीवर सासूला पाडल्याचा ठपका बसला तो बसला. जाऊ म्हणून जे काही होतं ते त्या दिवशी संपलं.

डॉक्टर रेश्मा नदाफ आल्या त्या एका बुधवारी, न सांगता. पस्तिशीच्या असतील. सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात होत्या आणि एका गोष्टीनं हैराण झाल्या होत्या. वॉर्डात खुबा मोडून येणाऱ्या बायकांत तांबड्या दिव्याच्या होत्या, ते ठीकच. पण हिरव्या दिव्याच्याही भराभर येत होत्या. म्हणून त्यांनी स्वतःच हिरव्या घरांतून फिरायला सुरुवात केली होती.

त्या वर आल्या, चहा नको म्हणाल्या, आणि हेमांगीला म्हणाल्या, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा. हेमांगी उठू लागली. अर्ध्यावर तिचा हात आपोआप टेबलाकडे गेला.

"गुडघे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

हेमांगी म्हणाली, हाडं उत्तम आहेत माझी, पाटाला विचारा.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. सांध्यातली गादी झिजली की हाडावर हाड घासायला लागतं. मग शरीर आपल्या परीनं डागडुजी करतं. घासणारी जागा कडक होते, कडांना हाडाचे बारके कोंब फुटतात, खुब्याला, मणक्याला, गुडघ्याला. शिवाय बाई अंगानं भरलेली असेल तर वजन पेलून पेलून हाड आधीच दाट झालेलं असतं. पाट बिचारा हे सगळं मोजतो. कोंब आणि कडकपणा धरून बेरीज करतो आणि म्हणतो, वा, केवढं हाड.

"पण कडक म्हणजे चिवट नव्हे," त्या म्हणाल्या. "चिक्की कडक असते. वाकवून बघा."

आणि दुसरं म्हणजे, हाड घरात बसून मोडत नाही, बाई पडली की मोडतं. दुखरा गुडघा असला की बाई चालायचं टाळते. चालणं टाळलं की मांडी अशक्त होते. मांडी अशक्त झाली की गुडघा ऐन वेळी दगा देतो आणि स्वतःला सावरायला वेळच मिळत नाही. दाटपणानं मिळालेली सगळी सवलत पडण्यानं खर्चून जाते. विरळ हाडाच्या बाईला निदान माहीत असतं की जपायचंय. दाट हाडाच्या बाईला शाबासकी मिळालेली असते.

"घरात आणखी कुणाला होता का हा त्रास?" त्यांनी सहज विचारलं.

हेमांगीनं आत्याबाईंचं सांगितलं. गुडघे म्हणजे नुसते कुरकुरणारे दरवाजे. हाडं लोखंडाची. जिन्यात पडल्या, खुबा गेला. आणि मग, का कोण जाणे, परक्या बाईपुढे तिच्या तोंडून निघून गेलं की जिना मी पुसला होता, लोक म्हणतात ओला होता.

डॉक्टर पिशवी आवरत होत्या. "ओला कशाला लागतो?" त्या म्हणाल्या. "असे गुडघे असले की कोरडा जिना पुरतो."

त्या खाली उतरल्या तरी हेमांगी तशीच बसून राहिली. अकरा वर्षं छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवला होता. तिच्या मनात पहिला विचार आला तो खाली जाऊन ते वाक्य त्या बाईच्या तोंडावर मारण्याचा. मांजराला नाही, कठड्याला नाही, थेट तोंडावर. ती उठलीसुद्धा.

आणि उठताना टेबलाला टेकलेला स्वतःचा हात तिला दिसला.

डॉक्टर जाताना आणखी एक बोलल्या होत्या. पाटात नवीन हिशोब भरता येतो, त्यात गुडघे आणि चालही धरली जाते. तुमचा दिवा मग पिवळा होईल, कदाचित तांबडाच, आणि पट्टाही मिळेल. मात्र तुमची परवानगी लागेल. फोन करा.

म्हणजे आत्याबाई कोरड्या जिन्यात पडल्या हे खरं ठरवायचं, तर हिरवा दिवा खोटा ठरवावा लागणार. आणि हिरवा खोटा ठरला की खाली, त्या बाईच्या घरात. निर्दोष व्हावं आणि तिच्या दारात जाऊन राहावं, की दोषी राहून आपल्या घरात मरावं? हेमांगीनं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटावर उभी राहिली. "हाडं उत्तम आहेत," पाट म्हणाला. पण तिनं मांजराला काही सांगितलं नाही.

आतून तव्याला सांगितलं गेलं, "आज काही लोकांचा आवाज बसलाय वाटतं. डॉक्टरीण येऊन गेली म्हणे."

हेमांगीनं पाटाचा आवाज बारीक केला.

त्यानंतर खालून येणाऱ्या टोमण्यांकडे तिचं लक्ष वेगळ्या तऱ्हेनं जाऊ लागलं. कांचन म्हणे, वळणावरची पायरी काही जणांना रुंद झालेली दिसत्ये. कांचन म्हणे, हल्ली वर एक पाय वाजतो आणि दुसरा फरपटतो, उंदीर झालेत की काय. काल दुपारी म्हणाली, पाऊल पडायला एवढा उशीर लागत असेल तर माणसानं कडधान्याचे डबे एकदम उचलू नयेत. डबे हेमांगीनं खरंच उचलले होते. तिच्या मुलाला, शेजाऱ्यांना, कंपनीच्या काळ्या काचेला जे कळलं नव्हतं ते त्या बाईला छताखालून ऐकू येत होतं. अकरा वर्षं ती तिचं पाऊल अन् पाऊल ऐकत आली होती. द्वेषानं का होईना, इतकं लक्ष हेमांगीकडे नवऱ्यानंही दिलं नव्हतं. पण हे कळल्यानं तिचा राग निवला नाही, उलट भडकला. आपल्यावर पाळत आहे, असंच तिला वाटलं.

शनिवारी ती भाजीची पिशवी घेऊन वर चालली होती. वळणावर डावा पाय उचलला, भार उजव्यावर आला, आणि गुडघा निघून गेला. या वेळी तो परत आला नाही. पिशवी सुटली, दोन्ही हातांनी कठडा धरून ती घसरत पायरीवर बसली. कांदे टणाटण उड्या मारत खाली गेले.

पोळपाट आपटल्याचा आवाज झाला. जिन्याच्या तोंडाशी कांचन आली, कणकेनं भरलेले हात पुढे धरून.

"बस तिथंच. उठू नको."

ती कुकरशी बोलली नव्हती. दोघींनाही ते एकदमच कळलं. कांचन दोन पायऱ्या चढून थांबली, जणू त्यापुढे परका मुलूख होता.

"मोडलं का काही?"

"तुम्हाला बरं वाटलं असतं."

"बरं कशानं वाटायचं? पुन्हा दोन वर्षं भांडं द्यायला मीच की." कांचननं हात पदराला पुसले. "हिरवा दिवा म्हणे. अगं, तुझा उजवा पाय गेलं वर्षभर उशिरा पडतोय. आत्याबाईंचा पडायचा तस्साच."

हेमांगीनं डोळे मिटले. मग उघडले. आणि फुकट गेलं तरी चालेल, राहायला घर उरलं नाही तरी चालेल, अशा आवाजात म्हणाली, "तस्साच ना? मग ऐका. ती डॉक्टरीण काय म्हणाली ते ऐका. असे गुडघे असले की जिना ओला लागत नाही. कोरडा पुरतो. दाट हाडाची बाईसुद्धा पडते आणि मोडते. तो जिना कोरडा होता, ताई. मी वाळवला होता."

कांचनच्या चेहऱ्यावर आधी नेहमीचा अविश्वास आला, मग तो हळूहळू ओसरला. तिनं स्वतःच तर आत्ता ते पाऊल ओळखलं होतं. मग म्हणाली, "काठ ओला होता त्यांचा."

"हातात तांब्या होता. तुम्हीच दिला होता वर न्यायला."

"मी कुठं पाणी दिलं? मी ताक दिलं होतं तुला." आणि कांचन बोलता बोलता थबकली.

ताक घेऊन आत्याबाई वर आल्या होत्या. ताकाबरोबर निरोप होता, हेमांगीला आता शब्दन् शब्द आठवला. तुझ्या घरी विरजण लागत नाही असं ऐकलं, हे घे म्हणावं. हेमांगीनं तांब्या रिकामा केला, विसळला, पाणी तळाशी तसंच ठेवून आत्याबाईंच्या हातात परत दिला, आणि वर उलट निरोप दिला. सांगा, लागतं की विरजण, फक्त दुसऱ्याचं दूध नासवायची सवय नाही आम्हाला. त्या दिवसांतही दोघी सरळ बोलतच नसत. तेव्हा कुकर नव्हता, मांजर नव्हतं. तेव्हा आत्याबाई होत्या. त्या कुरकुरत्या गुडघ्यांनी दिवसातून कितीदा वरखाली करत, दोघींचं विष एकीकडून दुसरीकडे नेत, नेताना थोडं कमी करून सांगत.

"परत येताना पडल्या," कांचन म्हणाली.

"हो."

"तू काय सांगितलं होतंस?"

"काही नाही. विरजणाचं."

एक कांदा अजून पायरीच्या कडेवर डुलत होता, तो थांबला. दोघींपैकी कुणीच रडलं नाही, आणि कुणी कुणाची माफी मागितली नाही. कांचननं खाली वाकून कांदे गोळा केले, पिशवीत भरले, आणि पिशवी वर नेऊन ठेवली. येताना वळणावर थांबून हात पुढे केला. कणीक सुकून बोटांना चिकटलेली. हेमांगीनं तो हात न धरता मनगट धरलं, आणि उठली.

फोन तिनं स्वतः केला. पाटात नवीन हिशोब भरला गेला आणि दुसऱ्याच सकाळी दिवा पिवळा लागला. "आधार घ्या," पाट म्हणाला. निनाद धावत आला, ठरल्याप्रमाणे आईची गादी खाली हलवायला. तेव्हा कांचननं त्याला दारातच अडवलं. माझ्या ओट्यावर दुसरी बाई मला चालायची नाही, म्हणाली. निनाद कपाळाला हात लावून बसला.

"मी वर जाते," कांचन म्हणाली. "माझी हाडं कागदाची असतील, पण पाय माझं ऐकतात. कमरेला कंपनीचा पट्टा आहे. हिला खाली राहू दे. सगळं घर घे म्हणावं. फक्त माझा कुकर मी नेणार."

डॉक्टरांना विचारलं, तर त्या थोडा वेळ घेऊन म्हणाल्या की विरळ हाडाला जिना सांगण्याजोगा नाही, पण ज्या बाईचा आजवर एकदाही तोल गेलेला नाही, जी कठडा धरायचं कबूल करते आणि पट्टा सोडत नाही, तिला दाट हाडाच्या लंगडत्या बाईपेक्षा धोका कमीच. एवढं ऐकून कांचननं हेमांगीकडे असं पाहिलं की हेमांगीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

सामानाची अदलाबदल झाली. हेमांगी सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठण्याचे आणि मांडी बळकट करण्याचे व्यायाम करू लागली, डॉक्टरांनी शिकवलेले. आणि आता डोक्यावर कांचनची पावलं वाजत. टक, टक, एकसारखी, गर्विष्ठ. हेमांगीला झोप येईना. मग सवय झाली. मग लक्षात आलं की आपण ऐकत बसतो.

एका दुपारी वर काहीतरी आपटलं आणि पावलं थांबली.

हेमांगीनं काठी उचलून छताला ठोकली. उत्तर नाही. ती खुर्चीच्या हातांना न टेकता उठली, ते तिच्या लक्षातही आलं नाही. जिन्याच्या तोंडाशी येऊन तिनं हाक मारली, "ताई?"

"मेले नाही अजून," वरून आवाज आला. "वाटी पडली. तुझीच आहे, विसरून गेलीस."

"पोचा आला असेल."

"आलाय. बघायचा असेल तर ये वर."

"माहीत आहे ना येता येत नाही ते."

"म्हणून तर म्हटलं." आणि मग थोड्या वेळानं, "थांब, आणते."

कांचन वळणाशी दिसली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला, कमरेला पट्टा. हेमांगीच्या जिभेवर एक चांगलं धारदार वाक्य तयार होतं, वाटीवरून, हातांवरून, आणि एकूण मगदूमांच्या थोरल्या सुनेवरून. तिनं ते गिळलं नाही. फक्त अडवून धरलं. जिना उतरणाऱ्या बाईला बोलण्यात गुंतवू नये, एवढं आता तिला कळलं होतं.

शेवटची पायरी उतरून कांचन पाटावर आली. "सावकाश चाला," पाट म्हणाला.

मग हेमांगी बोलली.